तानुबाईच्या उखाण्याचं कुलूप

मोताळ्याच्या आठवडी बाजारात तुम्ही तानुबाईकडं वांगी घ्यायला गेलात आणि ती बोलता बोलता एकदम गप्प झाली, तर समजायचं, बाईला उखाणा सुचून राह्यला. मग तुम्ही पावशेर मागा की पोतं मागा, तिचं लक्ष नसतं. तराजू एका हातात लोंबकळतो, ओठ हलत राहतात, आणि शहाणं गिऱ्हाईक निमूट उभं राहतं. घाई करणाऱ्याच्या पिशवीत ती हटकून एक किडकं वांगं टाकते.

वय अठ्ठावन्न, शाळा दुसरीपर्यंत, जीभ मात्र पार एम.ए. झालेली. पंचक्रोशीतल्या नवऱ्या लग्नाच्या आठ दिवस आधी तिच्याकडं येतात. मांडवभर माणसांसमोर पहिल्यांदा नवऱ्याचं नाव घ्यायचं, हे काय खायचं काम आहे? तानुबाई नवरदेवाबद्दल खोदून खोदून विचारते, चोळीचा खण ठेवून घेते आणि नवाकोरा उखाणा बांधून देते. नवरीनं तराजूच्या पारड्यावर हात ठेवून शपथ घ्यायची, की मांडवात उभी राहीपर्यंत हा कोणाच्या कानी पडू देणार नाही. तानुबाईचा शब्द असा, की तो दुसऱ्या कोणत्याच नवरीला जाणार नाही. पस्तीस वर्षांत तिनं एक उखाणा दोनदा दिलेला नाही, आणि हे ती न विचारता सांगते.

तर मागच्या उन्हाळ्यात पुष्पांजली नावाच्या पोरीला तिनं उखाणा दिला:

मोताळ्याच्या बाजारात तिखट तिखट मिरची,
जीवनराव बसले भुईवर, मले देल्ली खुर्ची.

मांडव हसून हसून लोळला. व्हिडिओवाल्यानं तेवढाच तुकडा कापून स्टेटसला लावला, आणि झालं. दिवस मावळायच्या आत तो मलकापूर ओलांडून कुठच्या कुठं गेला. महिनाभरात सात जणींनी मांडवात तोच म्हटला. नवऱ्याचं नाव तेवढं बदलायचं, बाकी माल जसाच्या तसा. एका मांडवात तर नवरीनं "मिरची" म्हणताच मागच्या पोरांनी "खुर्ची" म्हणून तिचं काम उरकून टाकलं, आणि ती बिचारी नाव न घेताच खाली बसली.

पुष्पांजली माहेरी आली तेव्हा तोंड एवढंसं करून म्हणाली, "आत्या, माहा उखाणा माहा नाही राह्यला." तानुबाईच्या जिव्हारी लागलं. तिनं व्हिडिओवाल्याच्या सात पिढ्यांची विचारपूस केली, फोन उचलला आणि बसस्टँडजवळ मोबाइल दुरुस्त करणाऱ्या नौशादचं दुकान गाठलं.

"बाबू, उखाण्याले कुलूप लावून दे."

नौशाद सज्जन माणूस. त्यानं हसू दाबून सगळे उपाय सांगितले. एकदा उघडला की नाहीसा होणारा मेसेज आहे. पासवर्ड लावता येतो. पुढं पाठवताच येणार नाही अशीही सोय आहे. तानुबाईचे डोळे चमकले.

"मंग कोणी चोरू शकत नाही?"

"चोरते नं, मावशी. एका फोनवर लावायचं, दुसऱ्या फोनवर भरून घ्यायचं. कुलूप फाइलीले लावता येते, कानाले कुठून लावू?"

"मंग तुहा उपेग काय?"

उपयोग त्यानं एक करून दिला. तानुबाईला लिहायचा कंटाळा, आणि सुचलेलं भाव करता करता विसरायची. तर स्वतःच्याच नंबरावर बोलून ठेवायचं. नौशादनं तो नंबर मेसेजच्या यादीत वर आणून दिला आणि बजावलं, "वरून पहिलं दाबायचं, बोलायचं, सोडायचं." ही विद्या तिला दोन मिनिटांत आली.

कुलपाचा विचार मात्र तिच्या डोक्यातून जाईना. फाइलीला लागत नाही ना, मग उखाण्यालाच लावू. नवऱ्याचं नाव बदललं तरी बसणारच नाही असा उखाणा बांधायचा. चोरणाऱ्याचा असा पचका व्हायला पाहिजे की सासरच्यांनी विचारावं, बाई, तू कोणाबद्दल बोलून राह्यली?

तेवढ्यात शेजारच्या कांदेवालीची समीक्षा आली. नवरदेव मलकापूरचा, प्रज्वल. पोरगी गरीब गाय. पारड्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "आत्या, मले दुसरं काही नको. उखाणा तेवढा माहा एकटीचा पाह्यजे." तानुबाईनं छाती ठोकून सांगितलं, "हा जर फुटला नं, तं म्या उखाणे सोडले समज."

दुसऱ्या दिवशी बाई चार किलो वांगी घेऊन मलकापूरला, नवरदेवाच्या गल्लीत. विकायचं नाव, टेहळणीचं काम. शेजारणीच्या ओट्यावर दोन कप चहा होईपर्यंत सगळं हाती आलं. प्रज्वल लोकांच्या घरात निघालेले साप पकडतो. नाग म्हणू नका, घोणस म्हणू नका, शेपटीला धरून बरणीत. पण कोंबडी दिसली की हा सहा फुटी गडी जिना चढून माडीवर. लहानपणी एकीनं टोचलं होतं म्हणे. तानुबाई बसमध्ये एकटीच इतकी हसली की कंडक्टरनं दोनदा वळून पाहिलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी, ऐन बाजारात, तिचे ओठ हलायला लागले. उखाणा आला, आणि असा आला की ती स्वतःवरच खूश झाली. फोन काढला, वरून पहिलं दाबलं, बोलली, सोडलं:

साप धरते हातानं, कोंबडी पाहून चढते माडीवर,
अशा प्रज्वलरावांसंगं निघाली मी गाडीवर.

आता ऐका. यादीत वरून पहिला तिचा नंबर होता, हे खरं. पण कोणीतरी भेंडीचा भाव विचारला की भाजीवाल्यांचा ग्रुप उसळी मारून त्याच्याही वर येतो, हे नौशाद सांगायचं विसरला होता. ग्रुपात चारशे माणसं. तानुबाईचाच आवाज आधी टमाट्याच्या ओळीतून वाजला, मग लसणाच्या, मग अद्रकीच्या. पस्तीस वर्षं जिनं राखण केली, तिनं स्वतःच्या अंगठ्यानं दार उघडून दिलं होतं.

"माय वं," एवढंच ती बोलली, आणि भरला बाजार टाकून नौशादकडं पळाली. त्यानं ग्रुपातून मेसेज पुसला. पण तोवर कोणी पुढं पाठवला होता, कोणी त्यावर ढोलकी चढवली होती, आणि मलकापुरात तो खुद्द प्रज्वलनं ऐकला होता.

समीक्षा हळदीला बसली होती. तानुबाईला पाहून तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. ते पाणी तानुबाईला शिव्यांपेक्षा जड गेलं. "दुसरा बांधतो पोरी, आत्ता बांधतो," म्हणून ती कोपऱ्यात बसली. एक ओळ सुचेना. डोक्यात नुसती कोंबडी. शेवटी समीक्षाच म्हणाली, "राहू दे आत्या. हाच घेतो."

दुसऱ्या दिवशी मांडव गच्च. अर्धा बाजार लग्नाला, आणि सगळ्यांना पाठ. तानुबाई खांबाआड उभी होती, तोंड लपवून. आता पोरगी तोंड उघडणार, लोक ओरडून मोकळे होणार, आणि आपण घरी जाऊन गुमान वांगीच विकायची, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं.

"घ्या सूनबाई नाव," सासू रुक्मिणीबाई म्हणाल्या.

समीक्षानं मान वर केली. "साप धरते हातानं..." आणि बायकांचा सगळा कळप तिच्याबरोबर उठला. "कोंबडी पाहून चढते माडीवर!" पोरंटोरं, आचारी, सगळे. लाजावं की पळावं हे प्रज्वलला कळेना, म्हणून तो सगळ्यांत मोठ्यानं हसायला लागला. "अशा..." मांडव गरजला.

आणि थांबला.

कोणी खूण केली नव्हती. तीनशे बायका, प्रत्येकीला पुढचं पाठ, पण एकीच्याही तोंडून पुढचा शब्द निघेना, आणि बायका थांबल्या तशी पोरंटोरं, आचारीही थांबले. म्हाताऱ्यांनी पदर तोंडाशी धरला, तरण्या एकमेकींकडं पाहून गालात हसल्या. सगळ्या समीक्षाकडं बघत होत्या, आणि त्या शांततेत तिचा आवाज एकटाच आला, "प्रज्वलरावांसंगं निघाली मी गाडीवर."

मग जो गलका उठला, त्यात बँडवाल्यानं न सांगता बँड सुरू केला. तानुबाई खांबाला धरून हसत होती आणि रडतही होती, आणि आपण नेमकं काय करतोय याची तिला शुद्ध नव्हती.

पाया पडायला समीक्षा वाकली तेव्हा हळूच म्हणाली, "आत्या, सगळं म्हणलं वं त्याइनं. नाव मात्र कोणीच नाही घेतलं."

तानुबाईनं नाक पुसलं. "घेईल कोण? नवरा तं तुहा हाये."