निबंधात आलेली आई

पेपर हातात आला की आधी लेखणी खाली ठेवायची, हे आमच्या गुरुजींचं पहिलं सांगणं. पोरं नेमकं उलटं करतात. विषय दिसला रे दिसला की खरडायला लागतात आणि अर्ध्या पानात आटतात. "आधी चाल, मग लिही," गुरुजी म्हणायचे. मला ते खुळचटपणाचं वाटलं होतं, पण ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. सातवीची परीक्षा पास झाले तर मास्तरणीचं शिकायला नागपूरला जायचं, नापास झाले तर वैशाखात देवरीकडच्या एका बिजवराच्या घरी. त्याची थोरली लेक माझ्याच वयाची होती. अजींनी, म्हणजे माझ्या बापाने, तोंडावर सांगितलं होतं, "पास झाली त जाय. नाई झाली त मंग रडू नोको."

चालायचं म्हणजे असं. ओळखीची एक वाट घ्यायची, डोळे मिटून मनात ती चालायची आणि वाटेवरच्या एकेका ठिकाणी निबंधाचा एकेक मुद्दा ठेवत जायचा. मी आमच्या गावाहून बाजाराला जाणारी वाट घेतली. दारात सुरुवात, बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीवर विषयाची ओळख, मोहाच्या झाडांखाली फायदे, ढिगापाशी तोटे, नाल्यावर आपलं मत आणि बाजारात शेवट. ढिगापाशी पोचेस्तोवर निम्मा वेळ गेला तरी चालेल, जास्त नाही. शेवटचं वाक्य मात्र निघतानाच ठरवून ठेवायचं, म्हणजे घंटा लवकर झाली तरी निबंध लांडा राहत नाही. विषय गाईचा असो की प्रामाणिकपणाचा, वाट तीच.

ढीग होता फांद्यांचा. वाघाने माणूस नेलं त्या जागी जाणाऱ्या-येणाऱ्याने एक फांदी टाकायची, ही आमच्या जंगलपट्टीची रीत. तसंच पुढे गेलं तर ते माणूस सोबत येतं म्हणतात. या ढिगाखालचं माणूस कोण, बाई की बुवा, कोणत्या गावचं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी फांदी कुणी चुकवत नसे.

मनातल्या वाटेवरही मी फांदी टाकायचे. सवयच ती. गुरुजी वर्ध्याकडचे, त्यांना हे कळलं तेव्हा असे भडकले! "अगं, निबंधाला वेळ केवढा आणि तू मनात लाकडं कसली तोडत बसतेस? सोड ते." मी सोडलं. त्या दिवसापासून प्रत्येक निबंध ढिगापाशीच अडायला लागला. नाल्यापलीकडचं काही म्हणता काही दिसेना. पुन्हा फांदी टाकली की पुढचं धडाधड सुचायचं. आता हे गुरुजींना काय सांगणार, डोंबल! मी गुपचूप टाकत राहिले.

दिवाळीनंतर माझ्या मनातला ढीग माझ्या डोक्याइतका उंच झाला. खरा ढीग गुडघ्याएवढा असायचा, कारण दर उन्हाळ्यात वणव्यात तो जळून जाई. मग एका बाजाराच्या दिवशी अजींबरोबर जाताना पाहिलं, तर खरा ढीगही माझ्या डोक्याइतका. भर दुपार होती आणि माझ्या अंगावर काटा आला. "अजी, हा एवढा कधी झाला?" मी विचारलं. त्यांनी माझा दंड धरला. "पाहू नोको तिकडं. फांदी टाक न् चाल."

परीक्षा गोंदियाला होती. शाळेच्या मागेच धानाची गिरणी, तिचा भुसा खिडकीतून उडत यायचा. सगळी पोरं, मी एकटी मुलगी, म्हणून मला दाराशी कोपऱ्यात बसवलं. निबंधाचा पेपर आला. एकच विषय, त्याला पर्याय नाही: माझी आई.

मेल्यांना दुसरा विषय सुचला नाही! माझी आई मी रांगत होते तेव्हा तापाने गेली. ती कशी होती, मला माहीत नव्हतं. आमच्या घरात तिचं नावही निघत नसे. गेलेल्या माणसाचं बोललं की ते दाराशी येऊन उभं राहतं, असं अजी मानायचे, आणि विचारलं की उठून जायचे. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? चहूबाजूंनी टाकांची कुरकुर सुरू झाली. मला वैशाख दिसायला लागला, बाशिंग बांधलेला तो बिजवर दिसायला लागला.

मी टाक खाली ठेवला, डोळे मिटले आणि निघाले. दारात कुणी नव्हतं. बोडीच्या पाळीवर कुणी नव्हतं. मोहाखाली नुसती फुलं पडली होती. ढिगापाशी आले आणि फांदी टाकली. ती पडल्याचा आवाज आला नाही.

फांदी एका बाईच्या हातात होती. उंच, गोरटी, पुढचा एक दात पडलेला, केसांत मोहाची फुलं अडकलेली. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की हिला माझ्या येण्याचीच आस होती असं वाटलं. भीती वाटली का? वाटली. पण त्या बिजवरापेक्षा ही बरी, असंही त्याच वेळी वाटलं, खोटं कशाला बोलू? ती पुढे चालू लागली आणि मी टाक उचलला.

मग हात थांबेना. ती धान पाखडताना गुणगुणते. थंडीत माझे पाय ओंजळीत धरून ऊब देते. डाव्या खांद्यावर ओझं घेत नाही, तो दुखतो. कुठून येत होतं हे सगळं? नाल्यापलीकडे वाटेला उजेड कमी होता, तिची पाठ तेवढी दिसत होती. शेवटचं वाक्य मी ठरवलंच नव्हतं. ते तिनेच सांगितलं आणि मी लिहिलं: मी घरी जाईन तेव्हा ती तिथे असेल. "टाइम हो गया," म्हणून मास्तरांनी पेपर ओढून घेतला.

मी पास झाले. निबंधात सगळ्यांत जास्त गुण मला, म्हणून गुरुजी नाचायचेच बाकी होते. अजींनी देवरीला नकार कळवला. त्या दुपारी ते अंगणात दोर वळत बसले होते. "काय लिवलं होतं वो, एवढे गुन देल्ले त?" मी मोठ्या तोऱ्यात सगळं सांगितलं. वाटलं, त्यांचे डोळे भरून येतील. त्यांचे हात थांबले.

"हे कोन होय?"

"आई."

"तुयी माय अशी नोहोती, पोरी. काळी होती, ठेंगणी. दात मोत्यावानी. अन् गानं त तिले येतच नोहोतं."

त्या दिवशी त्यांचं तोंड उघडलं ते मिटेना. इतक्या वर्षांचं साचलेलं. ती हसली की तिचं पोट हलायचं. कोंबड्यांना भ्यायची. मला कडेवर घेऊन रोवणीचं जेवण धानाच्या बांधीवर न्यायची. मी नागपूरला निघेपर्यंत रोज काहीतरी सांगायचे, आणि मी रोज डोळे मिटून ती काळी, ठेंगणी बाई बघायचा प्रयत्न करायचे. ती दिसायच्या आत ती दुसरी, उंच, गोरटी, पुढे यायची. आयुष्यभर आईची भूक होती, आणि ताट वाढलं गेलं तेव्हा पोटात जागाच उरली नव्हती. मी किती रडले ते अजींना कळू दिलं नाही.

निघायच्या आदल्या सकाळी त्यांनी मला जवळ बोलावलं. डोळे लाल होते. "आता दिसते का वो तुले? तुयी माय?"

"दिसते, अजी."

कधी नव्हे ते हसले. उठून उभे राहिले आणि आपल्या खांद्याखाली हात आडवा धरून म्हणाले, "एवढी होती. बस, एवढीच."

मी त्यांच्या डोक्याच्याही वर पाहत होते.