कप्तानाची डावी बाजू

सिनेमातल्या शूर बायका पाठीमागून फार झकास लढतात, हे तुमच्या कधी लक्षात आलंय का? समोरून त्या भुवया उंचावतात, ओठ चावतात, एखादं खणखणीत वाक्य फेकतात, आणि तलवार फिरायची वेळ आली की नेमक्या वळतात. त्या वळण्यात बाई बदललेली असते. चेहरा नायिकेचा आणि पाठ दुसऱ्याच कुणाची तरी.

ती दुसरी कुणीतरी म्हणजे आमची पाठमोरी. स्टुडिओत सगळे तिला याच नावानं हाक मारत आणि तिनं त्याचं कधी वाईट वाटून घेतलं नाही. चेहऱ्याला रंग फासावा लागतो, पाठीला तेवढीच सूट, असं ती हसत म्हणे. बाप घोड्यावरून पडायची कामं करायचा. त्यानं आपल्या दोन्ही पोरांच्या हातात आधी लाकडी पट्ट्या दिल्या आणि मग, आठवण आली तेव्हा, पाटी-पेन्सिल. पोरं दोन, दादा आणि ही. उंचीला सारखी, अंगानं सारखी, हट्टाला तर त्याहून सारखी. मोठेपणी दोघांनी मिळून तलवारबाजी बसवायचं काम घेतलं. ही नायिकेची पाठ व्हायची आणि दादा तिच्यासमोरचा खलनायक. बहीण-भाऊ दिवसभर एकमेकांचे गळे कापायचे आणि संध्याकाळी एकाच डब्यातलं खायचे.

आता यातली झाकली मूठ सांगतो. दादाला डाव्या डोळ्यानं दिसत नव्हतं. एका चित्रीकरणात तुटलेल्या पात्याची कपची उडाली होती, तेव्हापासून. डोळा दिसायला धडधाकट, आत सगळा अंधार. हे तिघांनाच ठाऊक होतं: दादा, वहिनी आणि पाठमोरी. बाहेर कळलं असतं तर दादाच्या हातात कुणी भाजी चिरायची सुरीसुद्धा दिली नसती. म्हणून पाठमोरी प्रत्येक लढाई अशी बसवायची की तिचे सगळे वार दादाच्या उजव्या अंगावर यावेत. बघणाऱ्याला वाटायचं, काय शैली आहे! शैली कसली, भावाचा उरलेला डोळा सांभाळायची धडपड होती ती.

नवा सिनेमा मोठा होता. समुद्री चाच्याची मुलगी बापाला सोडवायला राजवाड्यात शिरते आणि शेवटी जिन्यावर पहारेकऱ्यांच्या कप्तानाशी भिडते. कप्तान म्हणजे दादा. अंगात कातडी चिलखत, डोक्यावर लोखंडी टोप, त्याला खाली ओढायची जाळी. नायिकेला चेहऱ्यापुरते चार हात शिकवायचं काम पाठमोरीकडे आलं.

शिकवायची तिची पद्धत ठरलेली होती. शिकणाऱ्यानं मागं उभं राहायचं आणि तिच्या पाठीकडे बघून हात फिरवायचा. या नायिकेनं मात्र पहिल्याच दिवशी मान हलवली.

"ताई, पाठीकडे बघून मला काही कळत नाही. तुम्ही माझ्यासमोर या ना. तुमच्या चेहऱ्यावर सगळं दिसतं."

इतक्या वर्षांत पाठमोरीला हे कुणी म्हटलं नव्हतं. ती विरघळली. खरं सांगायचं तर सुखावली. समोर उभी राहिली, लढली, आणि नायिका तिच्या डोळ्यांत बघत हुबेहूब तसंच करत गेली. आरशात बघावं तसं. आणि आरशाची खोड कुणाला माहीत नाही? पण कौतुकानं डोळ्यांवर झापड आली की माणसाला स्वतःचं डावं-उजवंही कळेनासं होतं.

चित्रीकरणाच्या शेवटच्या दिवशी दुपारी दिग्दर्शकानं टाळी वाजवली.

"जिन्यावरची लढाई एका दमात घ्यायची. मध्ये तोडायचं नाही. आणि चेहरा दिसला पाहिजे. मॅडम स्वतः लढतील."

पाठमोरीला आधी आनंदच झाला. पोरीनं मेहनत घेतली होती. मग नायिका जिन्यावर एकटीच सराव करायला लागली आणि पाठमोरीच्या काळजाचं पाणी झालं. उजवीकडे जायचा वार डावीकडे जात होता. त्यानंतरचाही. सगळेच. कप्तानाच्या उजव्या खांद्यावर यायला हवं ते प्रत्येक पातं त्याच्या डाव्या कानाशी येणार होतं. पात्याला धार नसते हो, पण लोखंड ते लोखंड आणि टोक ते टोक. त्यातून ती जाळी. एका डोळ्याच्या माणसाला तिच्यातून कितीसं दिसणार?

ती धावत नायिकेकडे गेली. उलट करून बघायला सांगितलं. नायिकेनं प्रयत्न केला, दुसऱ्याच पायरीवर पाय अडकला आणि ती कठड्याला धरून राहिली. हात बसला होता, तो आता उठणार नव्हता.

मग पाठमोरी दिग्दर्शकाकडे गेली. "साहेब, माझी चूक झाली. मॅडम सगळं उलटं शिकल्यात. उद्यावर ढकलू या."

"उद्या हा जिना राहत नाही, सुतार उभे आहेत बाहेर," दिग्दर्शक म्हणाला. "आणि त्यात काय एवढं? कप्तानालाही उलटं करायला सांगा. जुनंजाणतं माणूस आहे, त्याच्या डाव्या हातचा मळ!"

इकडे आड, तिकडे विहीर. 'नाही जमणार' म्हणावं तर 'का' हा प्रश्न आलाच, आणि त्याचं उत्तर म्हणजे दादाच्या पोटावर पाय. गप्प बसावं तर दादाचा दुसरा डोळा.

दादा कपड्यांच्या खोलीत चिलखताचे पट्टे आवळत होता. तिनं दार लावून घेतलं आणि एका दमात सगळं सांगितलं.

"मग काय झालं?" दादा म्हणाला. "मी आवाजावर लढेन. पात्याचा आवाज येतो."

"लाकडी जिन्यावर दोघांचे बूट वाजणार, वरून तो पंखा घरघरतोय. कुठला आवाज ऐकणार तू?"

"ओरडू नकोस. बाहेर लोक आहेत."

"दादा, आजारी पड. पोटात दुखतंय म्हण."

"आणि उद्या? म्हातारा झाला, ऐन वेळी पोट धरून बसतो, असं होऊ दे सगळीकडे?" त्यानं टोप डोक्यावर ठेवला आणि जाळी खाली ओढली. "तुझी चूक तू केलीस. निस्तरायची मी. जा."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही तो असा. पाठमोरी जागची हलली नाही. तिनं न बोलता त्याच्या डाव्या बाजूनं हात उगारला आणि हळूहळू कानापर्यंत नेला. जाळीला बोट टेकेपर्यंत नेला. दादा समोर दाराकडे बघत राहिला. त्याला पत्ताच नव्हता.

बोट जाळीवर वाजलं तसा तो दचकून मागं सरला आणि बाकावर आपटला. मग त्यानं टोप काढला. त्याचा चेहरा घामानं थबथबला होता, आणि भावाला इतकं घाबरलेलं तिनं आजवर पाहिलं नव्हतं. तिला रडू आलं, पण रडायला वेळ कुठे होता?

"दे तो टोप," ती म्हणाली. "चिलखतही दे. ती मला बघून शिकलीय. तिचा कुठला हात कुठे येतो, ते मला झोपेतही सांगता येईल."

"कुणी ओळखलं तर?"

"मला कोण ओळखतंय?"

बुटांत चिंध्या कोंबल्या, खांद्यांना उशी बांधली, जाळी ओढली. कप्तान खोलीतून निघाला आणि जिन्याच्या डोक्यावर जाऊन उभा राहिला. दादा मागच्या दारानं रंगवलेल्या भिंतीआड गेला.

इशारा झाला आणि नायिका पायऱ्या चढत आली. पहिला वार डाव्या कानाशी आला आणि कप्तानानं तो उडवला. दुसरा कमरेशी आला. कप्तान सगळं उलटं लढत होता, आणि उलटं लढताना मनात सुलटं मोजत होता. जाळीतून जग चिंधीएवढं दिसत होतं. घाम पापणीवर उतरला, पुसायची सोय नाही. एका पायरीवर बुटातली चिंधी सरकली, पाय मुरगळला आणि पुढचा वार जाळीला घासून गेला. ठिणगी उडाली. भिंतीआड दादानं तोंडावर हात दाबला. तो घाव त्याचा होता, हे त्याला तिथूनही कळलं.

पण कप्तान सावरला, कठड्यावरून मागं झुकला, आणि अखेर ठरल्या जागी कोसळला. नायिकेनं त्याच्या छातीवर टोक टेकवलं आणि जाळीत डोकावली. तिचे डोळे विस्फारले.

"ताई?" ती पुटपुटली.

"गप," जाळीतून आवाज आला.

टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. दिग्दर्शक जिन्यावर धावत आला. "कप्तान, काय लढलात! मॅडमना दाद आहेच, पण ही लढाई तुम्ही खेचून नेलीत. पुढच्या सिनेमात तुम्हीच. आणि हा डबा नको डोक्यावर, चेहरा दिसू दे लोकांना. काढा, बघू तरी!"

कप्तान उठून उभा राहिला. हात जाळीपाशी गेला आणि तिथेच थबकला. टोप काढला तर दादाचं उभं आयुष्य उघडं पडणार होतं. नाही काढला तरी किती वेळ? सगळे हसत वाट बघत होते.

"तिला राहू दे, साहेब. मी सांगतो."

दादा भिंतीआडून बाहेर आला होता. अंगात नुसता सदरा, पायांत मोजे. तो माणसांतून वाट काढत आला आणि डाव्या बाजूच्या दिव्याच्या खांबाला त्याचा खांदा धडकला. पहिल्यांदाच त्यानं ते लपवायची काही धडपड केली नाही.

"आत माझी बहीण आहे. मला या डोळ्यानं दिसत नाही. इतकी वर्षं हिनं ते कुणाला कळू दिलं नाही. तुम्ही जे माझं काम म्हणून बघत आलात ना, त्यातलं निम्मं हिचं आहे."

दिग्दर्शकाचा चेहरा उतरला. त्याला पुढचं-मागचं सगळं आठवत असावं, काय काय होऊ शकलं असतं ते.

"मग आता तुमच्या हाती तलवार देता येणार नाही मला," तो शेवटी हळू आवाजात म्हणाला. "समजतंय ना?"

"माझ्या हाती नाहीच आहे ती," दादा म्हणाला. "तिच्या हाती आहे."

पाठमोरीनं टोप काढला. केस कपाळाला चिकटले होते, गालावर जाळीचे वळ उठले होते, आणि ती सगळ्यांसमोर हमसून हमसून रडत होती.