तक्रारदाराने फॉर्म पूर्ण भरावा

सदर इसमाचे वय एक्केचाळीस, बांधा किरकोळ, दृष्टी चष्म्यासह समाधानकारक. ओळखीची खूण: उजव्या मनगटाला काळा पट्टा, माउस धरून धरून लागलेला. व्यवसाय: संगणकावरील प्रोग्रॅमची देखभाल. कार्यालयाचा पत्ता: जेवणाचे टेबल, खिडकीकडील बाजू, जेवणाच्या वेळी कार्यालय फ्रिजवर ठेवण्यात येते. वरिष्ठ: नाहीत. सहकारी: नऊ, पैकी प्रत्यक्ष भेटलेले शून्य. सदर इसमाने गेल्या सहा वर्षांत एक हजार चारशे दोन तक्रारी निकाली काढल्या असून एकाही तक्रारदाराचे तोंड पाहिलेले नाही.

घरात त्याला घरबशा म्हणतात. हे नाव बायकोने ठेवलं. ती शाळेत गणित शिकवते आणि रोज दोन बस बदलून जाते, तेव्हा तिला तो अधिकार आहे असं तोही मानतो.

घरबशा ज्या प्रोग्रॅमची देखभाल करतो तो मुक्त आहे. म्हणजे त्याचं पोट कुणीही उघडून पाहावं, दुरुस्त करावं आणि फुकट वापरावं. ज्यांचं अंग लुळं पडलंय आणि वाचाही गेलीय, अशांसाठी तो आहे. पडद्यावर अक्षरांचे चौकोन मांडलेले असतात आणि त्यांच्यावरून उजेडाची एक चौकट सरकत जाते. हवं ते अक्षर उजळलं की डोळे मिटायचे. कॅमेरा ते टिपतो आणि अक्षर वर उमटतं. वाक्य पुरं झालं की यंत्र ते मोठ्याने बोलतं, तोवर ऐकणारे बहुधा दुसऱ्या विषयावर गेलेले असतात.

एका दुपारी ‘टिचकी’ असं नाव घेतलेल्या कुणाची तरी तक्रार आली. एकूण शब्द तीन: ‘लांब वाक्य पुसतं.’

घरबशाने नेहमीचं उत्तर पाठवलं. आपण लक्ष वेधल्याबद्दल आभार, कृपया सोबतचा फॉर्म पूर्ण भरावा. फॉर्ममध्ये चौदा प्रश्न होते. कोणती आवृत्ती, कोणता संगणक, आपण काय केलंत, काय व्हायला हवं होतं, त्याऐवजी काय झालं, सविस्तर लिहा. हा फॉर्म घरबशाने स्वतः रचला होता आणि त्याला त्याचा अभिमान होता. फॉर्म आल्यापासून तक्रारी निम्म्यावर आल्या होत्या. प्रोग्रॅम सुधारल्याची ही खूण आहे, असं त्याने वार्षिक अहवालात लिहिलंही होतं.

पाच दिवसांनी टिचकीचं उत्तर आलं. ‘फॉर्म लांब.’

“बघ, काय तोरा आहे!” घरबशाने चहा घेताना बायकोला वाचून दाखवलं. “नमस्कार नाही, चमत्कार नाही. याच्या शब्दांवर काय जकात बसते?”

“माझी पोरंही पेपरात एवढंच लिहितात,” ती वह्यांतून मान वर न काढता म्हणाली. “पण त्यांना उत्तर येत नसतं म्हणून.”

आणखी दोन आठवड्यांनी: ‘फॉर्म पुसला.’ घरबशाने कळवलं की माहितीअभावी पुढे जाता येत नाही. त्यानंतर टिचकी गप्प. तीस दिवस कुणी काही लिहिलं नाही तर यंत्र आपणहून तक्रार मिटवतं. हा नियमही घरबशाचाच. एकतिसाव्या दिवशी यंत्राने लिहिलं, ‘हालचाल न आढळल्याने तक्रार बंद करण्यात येत आहे.’

चार महिन्यांनी, एका सुटीच्या सकाळी, उद्धट लोकांचे नमुने म्हणून तो बायकोला जुन्या तक्रारी वाचून दाखवत होता. टिचकीवर ती हसली नाही.

“हा टिचकी आजाऱ्याचा कोण?”

“असेल मुलगा, नाहीतर पुतण्या. तक्रारी हेच लोक लिहितात.”

“आणि आजाऱ्याने स्वतःच लिहिली असेल तर? तुझ्याच यंत्रावर?”

घरबशा हसायला लागला आणि मध्येच थांबला.

तिने वहीचं मागचं पान उघडलं. “एका अक्षराला किती वेळ?”

“सरासरी बारा सेकंद.”

“चौदा उत्तरांची अक्षरं धर नऊशे. म्हणजे तीन तास. एकदाही न चुकता. आणि असा माणूस दिवसातून किती वेळ बसू शकतो?”

ते त्याला माहीत नव्हतं. फॉर्ममध्ये तो प्रश्न नव्हता.

“मग तूच भर. डोळे आहेत ना तुला?”

सहा वर्षांत घरबशाने डोळ्यांनी एक वाक्य लिहिलं नव्हतं. चाचण्या तो बोटाने स्पेसबार दाबून करायचा. तो कॅमेऱ्यासमोर बसला. दुसऱ्या प्रश्नापर्यंत डोकं ठणकायला लागलं. तिसऱ्या प्रश्नात वाक्य दुसऱ्या ओळीत शिरलं, त्याने शब्द तोडण्यासाठी डोळे मिटले आणि सगळं नाहीसं झालं.

पडदा नीटनेटका दिसावा म्हणून मागे त्यानेच चौकोन हलवले होते. वाक्य दुसऱ्या ओळीत गेलं की ‘सगळं पुसा’ हा चौकोन सरकून नेमका ‘मोकळी जागा’च्या ठिकाणी येत होता. लांब वाक्य पुसलं जातं म्हणणाऱ्याला त्याने ते लांब वाक्यांत सविस्तर लिहायला सांगितलं होतं.

“काय झालं?” बायकोने विचारलं.

“एक मिनिट,” तो म्हणाला. सात मिनिटं लागली. दुरुस्ती एका ओळीची होती.

नवी आवृत्ती त्याच दिवशी निघाली. टिचकीसाठी त्याने चाळीस ओळींची माफी लिहिली, मग अक्षरं मोजली आणि दोन ओळी ठेवल्या. खाली फोन नंबर दिला. तो माणूस आता लिहितोय की नाही, एवढंच त्याला कळायला हवं होतं. उत्तर आलं नाही.

मग ती चौकट त्याला पडद्याबाहेर दिसायला लागली. बाथरूमच्या फरशांवरून ती एकेक करत सरकायची. दुकानात साबणांच्या फडताळासमोर तो उभा राहायचा, हव्या त्या साबणापर्यंत ती पोचेस्तोवर. मागचं गिऱ्हाईक म्हणायचं, “अहो, घ्या ना काय ते!” घरी तो दोन-तीन शब्दांत बोलायला लागला.

“आज उशीर होईल मला. जेवून घेशील ना?”

“घेतो.”

“तू पण टिचकीच झालास,” बायको म्हणाली आणि तिने जीभ चावली.

फोन सहाव्या आठवड्यात आला. भर दुपारी, बाईचा आवाज.

“तुम्ही फॉर्मवाले ना?”

“हो,” घरबशा म्हणाला. याहून खरं वर्णन त्याला सुचलं नाही.

“मी टिचकीची मुलगी. म्हणजे बाबांची. तुमचा निरोप आजच पाहिला. त्यांच्या खात्यात मी कधी जात नाही, त्यांना आवडत नाही.”

“ते कसे आहेत?”

“तब्येत तशीच आहे. तुमच्या फॉर्मपायी नऊ दिवस घातले हो त्यांनी. सातव्या प्रश्नापर्यंत पोचले होते. मी म्हटलं, द्या, मी भरते. तर म्हणाले, माझी तक्रार आहे.” ती थोडं हसली. “असेच आहेत ते.”

“नवीन आवृत्ती आलीय. आता पुसलं जाणार नाही. एकदा बसवून बघाल?”

“बसवली ना मघाशीच. तासभर लावून ठेवलं होतं. ती चौकट नुसती फिरत राहते.”

“कॅमेरा नीट टिपत नसेल. उजेड कमी असला की—”

“नाही हो, कॅमेरा टिपतोय. मी समोर बसून डोळे मिटले तर अक्षर येतं.” तिने आवाज खाली आणला. “ते लांब वाक्य काय होतं, मला माहीत नाही. मी खोलीत आले की थांबायचे. कुणासाठी लिहीत होते, तेही नाही माहीत. तुम्हाला पाठवलं होतं का कधी?”

“नाही.”

“मग नसेलच कुठे.”

तिने आभार मानले आणि फोन ठेवला. संध्याकाळी घरबशाने तक्रारीच्या पानावर रीतसर नोंद केली. दोष: मान्य. दुरुस्ती: पूर्ण. चाचणी, प्रत्यक्ष वापरकर्त्याच्या घरी: यशस्वी.

वाक्य काय होतं, हे मुलीने बाबांना त्यानंतर तीनदा विचारलं आहे. चौकट फिरत असते आणि ते डोळे उघडे ठेवतात.