रिकाम्या गाडीचं वजन

जगातल्या यच्चयावत वस्तू, प्राणी आणि माणसं यांच्यात भरलेली आणि रिकामी एवढाच काय तो फरक आहे, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आजवर पाहिला आणि तो म्हणजे आमचे आतोबा. माझ्या आत्याचे हे यजमान डिचोलीजवळच्या सर्वणात राहतात. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी खाणीच्या वजनकाट्यावर काढली. मातीने भरलेला ट्रक काट्यावर चढायचा, आतोबा खिडकीतून डोकं बाहेर काढायचे, भरल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करायचे आणि माल जास्त निघाला की 'ओव्हरलोड!' असं इतक्या जोरात ओरडायचे की मागच्या रांगेतले ड्रायव्हर आपणहून चार पाट्या माती खाली ओतायचे. पुढे खाण बंद पडली, काटा गंजला, त्या खिडकीला कोणीतरी पत्रा ठोकला. आतोबांचं डोकं मात्र अजून खिडकीबाहेरच आहे. लग्नात अक्षता टाकून झाल्या की ते माझ्या कानाशी लागतात, "नवरो रिकामो दिसता रे. व्हकल मात्र फुल्ल लोड!" आणि हे कानात सांगणं मांडवाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या नवरीच्या मामांना स्वच्छ ऐकू जातं.

नुसत्या नजरेने वजन सांगता येतं याचा त्यांना भारी अभिमान आहे. अडचण एवढीच की टनाच्या खालचं काहीही त्यांच्या नजरेत नीट बसत नाही. एका चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर फळं टांगतात त्या माटोळीला बांधायला कोहळा आणला होता. आतोबांनी तो लांबूनच न्याहाळला आणि म्हणाले, "असात पाव टन." त्यासरशी माटोळी बांधायला शिडीवर चढलेले दोघे मुकाट्याने खाली उतरले. चूक दाखवून दिली तर ते जराही ओशाळत नाहीत. "शंभर किलो हय, शंभर किलो थंय, चलताच," असं म्हणून ते पुढच्या वस्तूकडे वळतात.

असा हा वजनाचा कर्दनकाळ एका वजनापुढे मात्र साफ लोळण घेतो, आणि ते म्हणजे त्यांची नात मनू. मुलगा आणि सून मांद्र्याला चार खोल्यांचं गेस्ट हाऊस चालवतात. पर्यटकांच्या दिवसांत त्यांना श्वास घ्यायला सवड नसते, म्हणून मनू रांगत होती तेव्हापासूनच आजी-आजोबांकडे राहिली. मनूचे पाय जमिनीला लागले तर एकतर पाय तरी झिजतील किंवा जमीन तरी, अशी आतोबांची समजूत असावी. अंगणवाडीत, देवळात, दुकानात, अगदी परसातल्या विहिरीपर्यंतसुद्धा ही स्वारी आतोबांच्या खांद्यावरून निघायची. वरून ती त्यांच्या टकलावर तबला वाजवी आणि खालून ते ट्रकसारखे भोंगे वाजवीत. चार वर्षांची पोर पावासारखी टम्म फुगली होती आणि अंगण ओलांडताना तिला धाप लागे. आतोबांना त्यात काही वावगं वाटत नसे. त्यांच्या लेखी धाप लागते म्हणूनच तर खांदा असतो.

मग एकदा अंगणवाडीच्या बाईंनी गावाची बैठक बोलावली. देवळाच्या मंडपात उभ्या राहून त्या बिचाऱ्या सांगू लागल्या की मुलांची वजनं वयाच्या मानाने फार वाढताहेत, पाकिटातले वेफर, गोड सरबतं आणि बिस्किटं कमी करायला हवीत, मुलांनी धावायला हवं, आणि एकेका आईने हे करून भागणार नाही, सगळ्या वाड्याने, अख्ख्या वस्तीने मिळून करायला हवं. यावर मंडपातली मंडळी एकमेकांकडे बघू लागली. कारण याच मंडपात पूर्वी सुदृढ बालक स्पर्धा व्हायची आणि ज्याला उचलताना आईला घाम फुटेल त्या बाळाला पहिलं बक्षीस मिळायचं. परीक्षक अर्थात आतोबा. एक म्हातारी न राहवून म्हणाली, "बाई, पोरांका बाळसा नको तर काय सुक्या बांगड्यासारकी करूची?" मंडळी हसली आणि बाईंचा चेहरा पडला. तेवढ्यात आतोबा उठले. "वजनाचा काम आसा मा? मगे माका विचारा," एवढंच ते म्हणाले आणि ज्याला त्याला वाटलं, खरंच की, वजनातलं कळणारा गावात दुसरा आहे कोण? तिथल्या तिथे मुलांच्या वजनासाठी समिती नेमली गेली आणि आतोबा तिचे अध्यक्ष झाले. मनू तेव्हाही त्यांच्या खांद्यावर होती.

हे माणूस एकदा हातात काम घेतलं की गावाला सुखाने जेवू देत नाही. सकाळ-संध्याकाळ सायकलवरून पाव विकायला येणाऱ्या पोदेराला त्यांनी दारोदार यायची बंदी केली. त्याने देवळाच्या पारापाशी थांबून भोंगा वाजवायचा आणि मुलांनी आपापल्या पायांनी तिथवर यायचं. पहिले दोन दिवस आयांनी पोदेराला शिव्या घातल्या. तिसऱ्या दिवसापासून भोंगा वाजला की सगळा वाडा चड्ड्या सावरत पळत सुटे आणि मागून आज्या पदर खोचून चालू लागत. (मनू खांद्यावरून पळायची, हे सांगायला नकोच.) नंतर आला खाऊ. आमच्याकडे लहान मूल असलेल्या घरी रिकाम्या हाताने जाणं म्हणजे तोंड दाखवायला जागा न उरणं. जत्रेहून परतणारा माणूस खाज्याची पुडी आणणार, मुंबईचा पाहुणा बिस्किटांचे पुडे आणणार. आतोबांनी वाड्याच्या तोंडाशी खुर्ची टाकली आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या पिशव्या तपासायला सुरुवात केली. मी स्वतः भावजयीच्या बाळासाठी नेलेली काजूची वडी त्यांनी, मी सख्खा भाचा असूनही, "ओव्हरलोड!" म्हणून उतरवून घेतली.

खरी गंमत झाली ती शनिवारच्या वजनाची. अंगणवाडीतल्या काट्यावर पोरं एकतर रडत किंवा नाचत, त्यामुळे काटाही त्यांच्याबरोबर नाचे. आतोबांनी त्यावर आपला खाणीवरचा उपाय काढला. पहिल्या दिवशी ते एकटे काट्यावर उभे राहिले आणि हे झालं रिकाम्या गाडीचं वजन, असं जाहीर केलं. मग प्रत्येक पोराला खांद्यावर घेऊन ते उभे राहायचे, आकडा वाचायचे आणि त्यातून आपलं वजन वजा करायचे. पोरांना खांद्यावर बसायला मिळतं म्हणून ती खूश, काटा स्थिर म्हणून बाई खूश.

पण दर शनिवारी भलतंच घडू लागलं. पोरं धावत होती, वेफर बंद होते, तरी वजनं चढतच चालली. आणि एका-दोघांची नव्हे, एकूण एक सगळ्यांची. ज्याच्या फासळ्या लांबून दिसत अशा एका काटकुळ्या पोराचंही वजन मनूच्या बरोबरीने वाढलं, तेव्हा त्याच्या आईने आनंदाने साखर वाटायला आणली आणि आतोबांनी तीही जप्त केली. गावात वाटेल ते तर्क सुरू झाले. कोणी नव्या बोअरवेलच्या पाण्याला दोष दिला, कोणी पोदेराच्या पिठाला. आतोबांना मात्र वेगळाच घोर लागला. कारण तिकडून मांद्र्याहून सुनेने स्पष्ट सांगितलं होतं की येत्या शनिवारी मी येते, आणि मनूचं वजन उतरलेलं नसेल तर तिला घेऊन जाते. त्या आठवड्यात आतोबा माझ्या दारात येऊन बसले. पुढ्यातला चहा बाजूला सारून म्हणाले, "चेडू गेला तर घर रिकामा जातला रे." त्या दिवशी त्यांना चिडवायचं माझ्या जिवावर आलं.

शनिवारी मीही गेलो. सून बॅग घेऊनच आली होती. आतोबांनी देवाला नमस्कार केला, मनूला खांद्यावर घेतलं आणि काट्यावर पाय ठेवला. आकडा पाहून बाईंनी कपाळाला हात लावला. वजन पुन्हा वाढलेलं.

"बाबा, आता माका काय सांगू नकात," सून म्हणाली. तिचा स्वर कडक होता, पण डोळे भरले होते. "तेका मी मांद्र्याक व्हरतंय."

एवढ्यात कोपऱ्यातून आमची आत्या पुढे आली. आत्या तशी चारचौघांत बोलत नाही; बोलायचं सगळं काम आतोबांनीच उरकलेलं असतं. ती म्हणाली, "चेडवाची चड्डी कमरेर रवणा नाय, नाडी मी दोनदा आवळून बांदलंय. आणि वजन वाढला म्हणतास? तुमच्या शर्टाची बुतांवां बगा आदी. मधली दोन खंय गेली?"

सगळ्यांची नजर आतोबांच्या शर्टाकडे गेली. मधली दोन बटणं खरंच नव्हती आणि तिथून पोट कुतूहलाने बाहेर पाहत होतं.

"तुमी एकटे उबे रवा बगूया," आत्या म्हणाली.

"रिकामी गाडी एकदाच तोलतत," आतोबा गुरगुरले. "ट्रकाचा वजन कदी वाढता?"

"ट्रक सांजच्याक चायवांगडा खाजा खाणा नाय!"

क्षणभर कोणालाच काही कळेना आणि मग एकदम सगळ्यांना सगळंच कळलं. वाड्याच्या तोंडाशी जप्त झालेली बिस्किटं, खाजी, माझी काजूची वडी, ती साखरसुद्धा, हे सगळं कुठे गेलं असं आम्ही कोणी कधी विचारलंच नव्हतं. खाण्याची वस्तू टाकून देणं आतोबांच्या रक्तात नाही. त्यांनी अख्ख्या गावाचं बाळसं एकट्याने पोटात घेतलं होतं. ते एकटे काट्यावर चढले, बाईंनी आकडा मोठ्याने वाचला आणि ती बैठकीतली सुक्या बांगड्यावाली म्हातारी ओरडली, "ओव्हरलोड!" सून हसता हसता आपल्या बॅगेवरच बसली.

तेवढ्यात मनू कोणी न सांगता काट्यावर जाऊन उभी राहिली. एकटी, हात बाजूला, अजिबात न हलता. तिचं वजन चांगलं उतरलं होतं. बॅग तशीच मांद्र्याला परत गेली. अंगणवाडीच्या बाईंनी आतोबांना फक्त एक अट घातली, "आता खांदो बंद. तेका चलांदी. तुमीय चला." आतोबांनी मान डोलावली. नात राहिली या आनंदात आपण कशाला हो म्हणतोय हे त्यांच्या ध्यानात आलं नसावं. दुसऱ्या सकाळी भोंगा वाजला आणि मनू त्यांचा हात सोडून इतर पोरांबरोबर पाराकडे धावत सुटली, तेव्हा आलं. "धाप लागतली गो!" असं ते मागून ओरडत राहिले. तिला धाप लागली नाही. त्यांना लागली.

आता मनू मांद्र्याला शाळेत जाते. ते वजनामुळे नव्हे, वयामुळे, आणि त्याला कोणाचाच इलाज नव्हता. आतोबा अजून रोज पाराशी चालत जातात. त्यांचंही पोट बरंच उतरलंय. परवा सुट्टीत ती आली होती आणि मी तिथेच होतो. भोंगा वाजला. आतोबा सवयीने पायरीवर बसले, खांदा खाली केला आणि तोंडाने ट्रक सुरू केला. मनू त्यांच्यापाशी आली, त्या खांद्याकडे तिने पाहिलं आणि मोठ्या माणसासारखी म्हणाली, "आजो, तू दमतलंस. हात धर माजो."

ट्रकचा आवाज थांबला. आतोबांनी तिचा हात धरला आणि उठून चालू लागले. मी मागून बघत होतो. इतकी वर्षं तिला वाहून त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा जरासा खाली आलाय, तो अजून तसाच आहे.