मुंबईच्या जावयाची परीक्षा

ज्याने समुद्र पाहिला नाही त्याचा मनुष्यजन्म अर्धाच राहिला. हा सिद्धांत आमच्या थोरल्या चुलत्यांचा, म्हणजे तात्यांचा. तो खरा धरला तर त्या काळी अख्खे इंदापूर आणि बारामती तालुके अर्ध्या जन्मावर दिवस काढत होते, आणि तब्येतीने ठणठणीत होते.

तात्या इंदापूरला राहत. मी तिथल्या शाळेत मास्तर होतो आणि जेवायला त्यांच्याकडे असे. भूगोल माझ्याकडे होता. मुंबई बंदर, तिथली दमट हवा आणि कापडगिरण्या मी भिंतीवरच्या नकाशावर छडीने दाखवत असे. मला मुंबई ठाऊक होती ती छडीच्या टोकाएवढी. तात्यांचे तसे नव्हते. तरुणपणी ते एकदा गुळाच्या ढेपांबरोबर मुंबईला गेले होते आणि आठवडाभर राहून आले होते. त्या आठवड्यावर त्यांनी पुढची सगळी वर्षे काढली. वाचनालयात मुंबईबद्दल जे जे छापून येई ते वाचून त्यांनी त्या आठवड्याची डागडुजी केली, त्यावर मजले चढवले, आणि मी मास्तर होईपर्यंत तात्यांची मुंबई मूळ मुंबईपेक्षा थोडी मोठीच झाली होती.

संध्याकाळी न्हाव्याच्या दुकानासमोर त्यांची बैठक असे. मुंबई मुळात सात बेटांची, हे पटवून देण्यासाठी ते जमिनीवर भुईमुगाच्या सात शेंगा मांडत. ही कुलाबा, ही माझगाव, ही माहीम. मधे समुद्र. वस्ती कोळ्यांची, देवी कोळ्यांची आणि गावाला नाव देवीचे. मग ते चिमटीने माती घेऊन शेंगांमधला समुद्र बुजवत आणि म्हणत, “अशी भरणी घातली साहेबानं.” ऐकणारे चकित होत. मात्र बोलण्याच्या नादात कोणीतरी एखादे बेट उचलून सोलून खात असे, त्यामुळे तात्यांच्या मुंबईला कधी सहा बेटे असत, कधी पाच.

त्या दिवसांत मुंबई कोणाची हा मोठा प्रश्न होता. मुंबई आमची आहे, असे एस्टी स्टँडपासून शाळेच्या भिंतीपर्यंत चुन्याने लिहिलेले असे. लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ती पाहिलेली नव्हती. पण आपली वस्तू पाहिलीच पाहिजे असे थोडेच आहे? मीही दोन घोषणा दिल्या होत्या, त्याही भूगोलाच्या तासाला लागणाऱ्या आवाजात.

तात्यांचे धाकटे भाऊ आबा हे सासऱ्याच्या रानात, बारामतीच्या अंगाला जळोचीला गेले होते. लोक म्हणत घरजावई झाले, मी म्हणे पाण्याकडे गेले. बारामतीला कॅनॉल होता. आमच्या इंदापूरकडे तो शेपटाला यायचा, तोही बातमीसारखा, उशिरा आणि कमी. आबांची वांगी, गवार, कोथिंबीर सगळी त्या कॅनॉलवर. पाण्याची पाळी ठरलेली. पाटकरी, म्हणजे सरकारचा पाणी सोडणारा माणूस, म्हणेल तेव्हा फाटकाशी हजर व्हायचे आणि चारीतून आलेले पाणी खोऱ्याने एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवायचे. याला दारे धरणे म्हणतात. आबांना मुलगा नव्हता. एक मुलगी, माझी चुलतबहीण. त्यामुळे वेळ कुठलीही असो, आबांच्या मागे कंदील आणि खोरे घेऊन तीच चिखलात उभी असे.

तिला मुंबईचे स्थळ आले. मुलगा मूळचा इंदापूर तालुक्यातलाच, भीमेच्या काठचा, पण गिरणीत कामाला. परळला चाळीत खोली. आबांना ऐकायला बरे वाटले आणि लगेच धास्तीही वाटली, कारण आदल्या साली शेजारच्या मळ्यातल्या एकाने असाच मुंबईचा जावई केला होता आणि तो पुढे दौंडच्या रेल्वे यार्डात कोळसा भरताना सापडला. तेव्हा आबांनी तात्यांना निरोप धाडला की पाहुणे येणार आहेत, येऊन पोराची परीक्षा घ्या, तो खरोखर मुंबईत असतो की नाही तेवढे सांगा. तुम्ही हो म्हणालात तर सुपारी फोडू, नाहीतर पोहे खाऊन जातील.

निरोप मिळाल्यापासून तात्या जमिनीवर चालत नव्हते. एस्टीत बसल्यावर त्यांनी मला विचारले की मुंबईतल्या तलावांपासून सुरुवात करावी की किल्ल्यापासून. मी म्हणालो, मुलाच्या पगारापासून करावी. त्यांनी खिडकीबाहेर पाहिले.

जळोचीला पोहोचल्यावर चुलतबहिणीने मला विहिरीकडे बोलावून घेतले. ती कधी काही मागणारी नव्हती.

“दादा, तात्यांना म्हणावं लई खोल जाऊ नका,” ती म्हणाली. “मला त्या घरात जायचंय.”

तिने त्याला इंदापूरच्या एका लग्नात पाहिले होते. तो पंगतीत आमटी वाढत होता आणि एकाच्याही पत्रावळीबाहेर सांडत नव्हता, एवढे तिने सांगितले. मी म्हटले, हे कारण वाईट नाही, पण पुरेसे आहे का?

“तितं नळ हाय म्हनं,” ती म्हणाली. “फिरवला की पानी. दारं धराया नकोत, पाटकऱ्याच्या पाया पडाया नको.”

पाहुणे दोघेच आले, मुलगा आणि त्याचे मामा. पडवीत घोंगड्या अंथरल्या होत्या. शेंगा आणि गूळ मधे ठेवला. मुलगी बघण्याच्या कार्यक्रमात खाली मान घालून बसण्याचे काम मुलीकडे असते. त्या दिवशी ते मुलाकडे आले. तात्यांनी सात शेंगा निवडल्या, त्याच्यापुढे मांडल्या आणि पहिलीवर बोट ठेवून विचारले, ही कोणती?

मुलगा नीट पाहून म्हणाला, “शेंग.”

तात्या हसले नाहीत. त्यांनी म्युझियम विचारले. मुलगा गेलेला नव्हता. राणीचा बाग बाहेरून पाहिला होता. मलबार टेकडी कुठल्या दिशेला, ते त्याला सांगता येईना. समुद्र? तो म्हणाला, दिसतो मधून मधून, चिमण्यांच्या धुरामागे, पण तिकडे जायचे काही काम पडले नाही. प्रत्येक उत्तराला आबांचा चेहरा वांग्याच्या पिकावर किडा दिसावा तसा होत गेला. दाराआड बांगड्या वाजत होत्या, त्या थांबल्या.

मुलाला मदत व्हावी म्हणून की आणखी घोळवावे म्हणून कोण जाणे, तात्यांनी इतिहास काढला. ही सगळी बेटे पोर्तुगालच्या राजाने आपल्या बहिणीच्या लग्नात इंग्रजांच्या राजाला आंदण दिली, असे त्यांनी सांगितले. इतका वेळ गप्प असलेले मामा एकदम ताठ झाले.

“आख्खी मुंबई? आंदण?”

तात्यांनी मान डोलावली.

“बघा,” मामा आबांकडे वळून म्हणाले, “चाल जुनीच हाय.”

“ते राजे व्हते, पाव्हणं,” आबा म्हणाले. “माझ्याकडं वांगी हायत.”

मामांनी तो विषय सोडला आणि समोरचे माहीम सोलून खाल्ले.

मग तात्या आबांना आणि मला गोठ्याकडे घेऊन गेले आणि म्हशीच्या साक्षीने निकाल दिला. ज्याला म्युझियम माहीत नाही, मलबार टेकडी माहीत नाही, जो समुद्राकडे काम नाही म्हणून जात नाही, तो मुंबईत राहतो यावर त्यांचा विश्वास बसणे शक्य नव्हते. त्यांच्या मते गडी दौंडच्या पुढे गेलेला नव्हता. मी म्हटले, तात्या, मी जन्मभर इंदापुरात आहे आणि मालोजीराजांची गढी मी आतून पाहिलेली नाही. तात्या म्हणाले, तुझी गोष्ट वेगळी, तू मास्तर आहेस.

आम्ही परत येऊन बसलो. परतीची टोपी घालण्याआधी मामांनी रीत म्हणून दाराकडे तोंड करून विचारले, पोरी, तुला काय इचारायचं हाय का? हा प्रश्न आमच्याकडे सगळे विचारतात. त्याला उत्तर द्यायचे नसते, मुलीने लाजून आत जायचे असते. चुलतबहीण सगळ्यांना चहाचे कप देऊन रिकामे ताट हातात घेऊन उंबऱ्यात उभी होती. ती आत गेली नाही.

“नळाला पानी कवा येतं?” तिने विचारले.

मुलाने पहिल्यांदाच मान वर केली. तिथून पुढे त्याला थांबवणे कठीण झाले. सकाळी अंधारात येते आणि संध्याकाळी येते, म्हणाला, पण येते म्हणजे येतेच असे नाही. सगळ्या मजल्याला एक नळ. हंड्यांची रांग लागते. कोपऱ्यातल्या खोलीतली म्हातारी आपला एक हंडा लावते आणि ऐन वेळी त्याला तीन पिल्ले फुटतात. खालच्या मजल्यावर कोणी तोटी सोडली की वर नळ नुसता फुसफुसतो. परवा रातपाळी करून आलो, नंबर माझा होता, डोळा लागला भिंतीला टेकून, तर माझा हंडा बाजूला सरकवला. कोणी सरकवला ते ठाऊक आहे, पण शेजारी आहे, बोलता येत नाही.

शेजारच्या मळ्यातले दोघे शेंगा खायला म्हणून आले होते, त्यांचे हात थांबले. कॅनॉलवरचा माणूस बेटांच्या बाबतीत फसेल, देवाच्या बाबतीत फसेल, पण पाण्याची तक्रार खरी की खोटी ते त्याला पहिल्या वाक्यात कळते. इतकी दुखरी तक्रार दौंडच्या यार्डात बसून रचता येत नाही.

“वरच्यानं चारी फोडली की आमचं बी असंच व्हतं,” आबा हळूच म्हणाले, आणि त्यांनी स्वतःच्या कपातला अर्धा चहा बशीत ओतून बशी मुलापुढे सरकवली.

मी चुलतबहिणीकडे पाहत होतो. तिचा फिरवला की येणारा नळ तिच्या डोळ्यांदेखत कॅनॉलच झाला होता. तिने हातातले ताट खाली ठेवले.

“दारं तर धराया लागत न्हाईत न्हवं?” तिने विचारले.

“न्हाय,” मुलगा म्हणाला. “हंडा धराया लागतो.”

ती हसली. आधी ती, मग तिची आई, मग सगळी पडवी. आबांनी सुपारी मागवली. तात्यांनी उरलेली बेटे गोळा करून खिशात टाकली आणि गंभीरपणे सांगितले की पाण्याचाच प्रश्न ते पुढे विचारणार होते.

लग्न त्याच वैशाखात झाले. नव्या नवरीला पोचवायला माहेरचे माणूस जाते. तात्यांनी स्वतःची नेमणूक केली आणि मला साक्षीदार म्हणून घेतले. बारामतीची छोटी गाडी, दौंडला मोठी गाडी, मग बोरीबंदर. वाटेत तात्यांनी नवरीला बजावले की संसार नंतर, आधी समुद्र. त्याच्याशिवाय गृहप्रवेश पुरा व्हायचा नाही. जावई म्हणाला, मीही नीट बघीन म्हणतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही चौघे ट्रामने आणि मग पायी चौपाटीला निघालो. तात्या पुढे होते. दोनदा त्यांनी आम्हाला चुकीच्या रस्त्याला नेले आणि दोन्ही वेळा रस्ता बदललेला आहे असे सांगितले. शेवटी घरे संपली, तात्या थांबले, पागोटे सारखे केले आणि हात लांब करून म्हणाले, “हा अरबी समुद्र.”

समोर लांबच लांब ओली वाळू होती. तिच्यात एक कुत्रे आणि कलंडलेली होडी. पाणी असावे असा संशय पार पलीकडे येत होता.

चुलतबहिणीने डोळ्यांवर हात धरून पाहिले. “तात्या, पानी कुठाय?”

“ओहोटी आहे. येईल.”

“पाटकरी जेवाय गेला आसंल,” ती म्हणाली. जावई इतका हसला की त्याला खाली बसावे लागले. तात्याही शेवटी हसले. त्यांनी शेंगा घेतल्या आणि मुंबईच्या खऱ्या वाळूवर आपली सात बेटे मांडली. मला वाटते, त्यांच्या आयुष्यातली ती सर्वांत अधिकृत मांडणी होती. जावयाने यावेळी प्रत्येक बेटाचे नाव विचारून घेतले. चुलतबहीण चपला काढून ओल्या वाळूत जाऊन उभी राहिली. पाय रुतवून बघितले, बाहेर काढले, पुन्हा रुतवले.

“चिखल हाय,” तिने तिकडून सांगितले, “आन् हातात खोरं न्हाय.”

ती तिथे बराच वेळ उभी होती. इतकी खूश मी तिला आधी पाहिली नव्हती. हळूहळू दूरची रेघ चमकायला लागली, थोडी जाड झाली, आणि तात्या उठून उभे राहिले. आले, आता आले, घटकाभरात इथे पायाशी येईल, असे ते म्हणत होते. एवढ्यात चुलतबहिणीने नवऱ्याला वेळ विचारली, चपला घातल्या आणि पदर खोचला.

तात्यांनी तिला समजावले की यासाठी माणसे कुठून कुठून येतात, अर्धा जन्म पुरा व्हायला आता घटकाभरच उरला आहे.

“समुद्र उद्या बी हाय, तात्या,” ती म्हणाली, आणि ट्रामच्या दिशेने चालू लागली.

चाळीच्या नळाला पाणी साडेपाचला येत असे.