शिमग्यातही दार उघडं

आमच्या वाडीतून कॉलेजात गेलेली मी पहिली. पोलादपूरच्या वरच्या डोंगरातून खाली उतरायचं, एसटी धरायची, महाडला जायचं, अशी पदवी घेतली. ती फ्रेम करून भिंतीला लावलीय आणि कुणी विचारलं नाही तरी दाखवते. पाचाडच्या वाटेवरच्या प्रदर्शनात मॅनेजर म्हणून लागले ती त्या पदवीवरच.

प्रदर्शन म्हणजे नव्यानं उभारलेलं जुन्या पद्धतीचं घर. आत जातं, उखळ, लाकडी घाणा. मागच्या अंगणात तांदळाची भाकरी आणि झुणका. गड उतरून दमलेली माणसं पाय मोकळे करायला येतात आणि जेवून जातात. तिकिटावर, माहिती सांगायला, चुलीपाशी सगळ्या आसपासच्या वाड्यांतल्या बायका. पुरुष मुंबईला.

माझ्या पहिल्याच शिमग्याला, होळी झाल्यावर, जोडून सुट्ट्या आल्या. मी प्रत्येकीला विचारलं, "येणार ना?" प्रत्येकीनं म्हटलं, "येते ना मॅडम." आमच्याकडे तोंडावर नाही म्हणायची रीत नाही. समोरच्याचा मान राखायचा म्हणून हो म्हणायचं, आणि ग्रामदेवतेची पालखी दारात येणार म्हणून घरी राहायचं. त्या दिवशी दाराबाहेर गाड्यांची रांग आणि आत मी एकटी. मालक मुंबईहून आले होते, आम्ही त्यांना शेठ म्हणतो. त्यांनी बाह्या सरसावून भाकरी थापायला घेतली. ती तव्यावर गेली ती कोकणच्या नकाशासारखी. गिऱ्हाईक हसलं, शेठ हसले नाहीत.

जाताना मला म्हणाले, "पुढच्या शिमग्याला असं झालं, तर एजन्सीची पोरं आणीन. वर्षभरासाठी."

म्हणजे या बायकांची कामं जाणार. त्यांतल्या कितीतरी जणींच्या हातात स्वतःचा पगार पहिल्यांदाच पडत होता. मला ते होऊ द्यायचं नव्हतं.

पुढच्या वर्षी शिमगा जवळ आला तसं सगळ्यांना चुलीपाशी बसवलं. म्हटलं, "येणार का, असं मी विचारणारच नाही. पालखी तुमच्या दारात कधी येणार, तेवढं सांगा."

मग तिकिटावरच्या ताईंनी विचारलं, "त्या दिवशी रजा देणार?"

"देणार. पण बाकीच्या दिवशी घरी बसलात, तर मीच ढोल घेऊन दारात येईन."

स्वयंपाकाच्या मावशी म्हणाल्या, "ये गो, ये. तुझी पण ओटी भरीन!" सगळ्या हसल्या आणि तिथंच गाडं पुढं सरकलं.

पालखी काही एका दिवसात सगळीकडे जात नाही. प्रत्येक वाडीचा दिवस गावकी ठरवते. वरच्या वाडीच्या घरी असतील तेव्हा खालच्या कामावर, असं सरळ बसत होतं. होळीच्या दिवशी मात्र बंदची पाटी लावायची, त्यात वाद नाही. अडचण एकच होती, एकीचं काम दुसरीला येत नव्हतं. म्हणून महिनाभर अदलाबदल केली. ताई भाकरी थापायला शिकल्या, मावशी तिकिटावर बसल्या. पैसे आल्याचं सांगणारा तो डबा बोलला, की मावशी त्याला उत्तर द्यायच्या, "बरं बाबा." पाहुण्यांना घर दाखवताना म्हणायच्या, "ही चूल. पाठ कशाला करायचं? माझ्या घरी पण हीच हाय."

शिमगा सुरू झाला आणि घडी बसली. रोज कुणीतरी पालखीला जायची, तिच्या जागी दुसरी उभी राहायची. होळीचा दिवस सोडला, तर दार एकदाही बंद राहिलं नाही.

फक्त माझ्या वाडीची पालखी ठरली रविवारी, सगळ्यात गर्दीच्या दिवशी. त्यात शेठ येणार होते. आईनं रेंजसाठी खिंडीपाशी येऊन फोन केला, तेव्हा मी येत नाही म्हणून सांगितलं. तिनं नुसतं "बरं" म्हणून फोन ठेवला, ते जास्त लागलं. इथं कुणाला कळू दिलं नाही.

शनिवारी निघताना ताई म्हणाल्या, "मॅडम, उद्या तुमच्या वाडीला पालखी ना? माझी नणंद तिथंच दिलीय."

"शेठ येतायत. मला जमायचं नाही."

"येऊ देत की. वीर स्टेशनला आम्ही रिक्षा पाठवतो."

मावशी हात पुसत पुढं आल्या. "पालखीच्या दिवशी घरी, हा कायदा तूच केलास ना गो? आता तूच मोडतेस?"

"मावशी, मी मॅनेजर आहे."

"मग? मॅनेजरला दार नाय काय?"

मी गेले. ढोल-सनईचा खालूबाजा चढण चढून आला, पालखी आमच्या अंगणात नाचली, आईनं ओटीचं ताट माझ्या हातात दिलं. आमच्या घरात फोनला रेंज नाही. पालखी पुढच्या दारी गेल्यावर धावतच खिंडीपाशी गेले आणि शेठना फोन लावला.

"कुठे आहेस?"

"घरी. आमची पालखी होती."

मागून मावशींचा आवाज येत होता, "चप्पल बाहेर काढा हो, सारवलंय!"

शेठ म्हणाले, "मला रांगेत उभं केलं."

"कुणी?"

"तुझ्या मावशींनी. म्हणाल्या, ओळखतंय मी तुम्हाला शेठ, पण रांग तिकडनं हाय." मग ते हसायला लागले. गेल्या वर्षीचं राहिलेलं सगळं हसू त्यांनी त्या फोनवर काढलं.

मी धीर करून विचारलं, "एजन्सीचं काय?"

"कसली एजन्सी? इथं उभं राहायला जागा नाही आणि एक माणूस उपाशी गेला नाही. या बायका आहेत तोवर एजन्सीचं नाव काढायचं नाही. उद्या कुणाची पालखी आहे?"

"तिकिटावरच्या ताईंची."

"मग तिकिटावर?"

"मी," म्हटलं आणि खिंडीतून ओरडतच खाली घराकडे निघाले. आईला वाटलं, पोरीला लॉटरी लागली.