गल्लीत पाहुणे आले

माझा एक मित्र मास्तर आहे, एक एसटीत कंडक्टर. लग्नाच्या पंगतीनंतर त्यांचे किस्से सुरू झाले की माणसं खुर्च्या ओढून जवळ येतात. माझ्याकडे त्या दोघांपेक्षा जास्त माल आहे. पण मी तोंड उघडलं की कुणीतरी आधी पोरांना बाहेर खेळायला पाठवतं! त्यामुळे माझे किस्से नुसते साठत गेलेत. उतू जायच्या आत सांगून टाकतो.

मी धाराशिवात एका छोट्या संस्थेत कामाला आहे. शहरात धंदा करणाऱ्या बायकांची एक गल्ली आहे, तिथं संस्था दवाखाना आणि बचत गट चालवते. हे काम बघायला पाहुणे येतात. कॉलेजची पोरं, नवे नवे साहेब, पुण्या-मुंबईचे देणगीदार. ह्याला आमच्यात ‘एक्सपोजर व्हिजिट’ म्हणतात. सकाळी गल्ली निवांत असते, तेव्हा ह्या मंडळींना पायी फिरवून आणायचं. फिरवणारा मी.

गल्लीत थोरली छबूअक्का. साठीला टेकलेली, धंदा कधीच सोडलेला, आता बचत गटाची अध्यक्ष. तिचा शब्द शेवटचा. आणि दुसरी शबाना. तिच्या जिभेला हाड नाही आणि त्याचं तिला दुःखही नाही!

*

सुरुवात घरापासूनच करतो. आमचं घर अणदूरचं. वडलांचा जन्म मेंढरांमागं गेला. पोरगं नोकरीला लागलं ह्याचा त्यांना अभिमान, पण नोकरी कसली हे सांगायची चोरी!

मुलगी बघायला आम्ही परंड्याला गेलो. मुलीच्या मामानं विचारलं, “पाव्हणं, काम काय करताव?”

मी खरं सांगणार, तेवढ्यात वडलांनी माझा पाय दाबला. “गाइड हाय त्यो. लोकास्नी फिरवून दाखवतो.”

“काय दाखवतो?”

वडील अडकले. खिडकीतून परंड्याचा किल्ला दिसत होता. म्हणाले, “जुन्या वास्तू!”

मामा असा खूश झाला की लगेच उठला. “मग चला, आमचा किल्ला दाखवा!” मी त्या किल्ल्यात जन्मात पाऊल टाकलेलं नव्हतं. मुलीकडचं सगळं खटलं मागं घेऊन मी तोफांवर भाषण ठोकलं. मुलगी मागं उभी राहून पदरात हसत होती. लग्न जमलं. खरं काय ते मी तिला साखरपुड्याच्या आधीच फोनवर सांगितलं. ती म्हणाली, “मला वाटलंच. बुरुजाला मिनार म्हणणारा कसला गाइड?”

हे सगळं मी गल्लीत येऊन सांगितलं. सगळ्या पोट धरून हसल्या. छबूअक्का मात्र कमरेवर हात ठेवून उभी.

“जुन्या वास्तू कुणाला म्हणतो रं तुझा बाप? घिऊन ये एकदा त्याला. भिंती अजून किती मजबूत हायत ते दाखवते!”

*

मुंबईचे एक संशोधक यायचे होते. तरुण, बुजरे. मी म्हटलं, स्टेशनवर घ्यायला येतो. ते म्हणाले, नको, मी रिक्षानं येतो.

स्टेशनबाहेर त्यांनी रिक्षावाल्याच्या कानाला लागून पत्ता सांगितला. रिक्षावाल्यानं त्यांच्याकडं बघितलं, घड्याळाकडं बघितलं आणि सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं म्हणाला, “सकाळी सकाळी? चहा तरी घ्या की सायेब!”

बिचारे चालत आले. बॅगेसकट.

*

समाजकार्याच्या कॉलेजची पोरं आली की मजा असते. त्यांच्या सरांनी आधीच बजावलेलं असतं, “सहज वागा.” झालं, मग कुणीच सहज वागत नाही! सगळे माना खाली घालून रांगेत चालतात. एकदा छबूअक्कानं हाक मारली, “पोरांनो, काय हरवलं का रं? सांगा, आमी बी हुडकतो.”

त्यातलं एक पोरगं धीट निघालं. शबानासमोर बसलं, घसा खाकरला आणि विचारलं, “ताई, तुम्ही या क्षेत्रात कशा आलात?”

शबाना म्हणाली, “एस्टीनं.”

पोरगं गडबडलं. “तसं नाही ताई... म्हणजे तुमच्यावर काही जबरदस्ती...”

“व्हय की. कंडक्टरनं सोलापूरपातूर हुभंच ठेवलं!”

पोरगं वहीत तोंड खुपसून बसलं. मग शबानालाच त्याची दया आली. तिनं विचारलं, “तू ह्या क्षेत्रात कसा आलास?”

पेनचं टोपण लावत ते म्हणालं, “इंजिनिअरिंगला नंबर नाही लागला.”

शबानानं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. “जाऊ दे. प्रत्येकाची आपली मजबुरी असती, बाळा.”

*

ह्याच शबानाचा आणखी एक खेळ होता. पाहुण्यांच्या घोळक्यात जो सगळ्यात ताठ, सगळ्यात सभ्य दिसेल त्याला ती लांबूनच हाक मारायची, “अवो, लई दिसानं आलाव!”

माणूस जागेवर पांढरा पडायचा. एकानं तर सगळ्यांसमोर देवाची शपथ घेतली. एकाच्या बायकोनं, ती सोबतच होती, नवऱ्याकडं असं बघितलं की मला संस्थेचं लेटरहेड काढून खुलासा द्यावा लागतो की काय असं वाटलं. मॅडमनी, म्हणजे आमच्या संस्थेच्या प्रमुखांनी, शबानाला दोनदा समज दिली. काही उपयोग झाला नाही.

मग एकदा एक निवृत्त तहसीलदार आले. पांढरं धोतर, काळी टोपी, हातात काठी. शबानाच्या डोळ्यांत चमक आली. मी खुणेनं नको नको म्हणतोय तोवर तिनं बार उडवलाच.

“अवो, लई दिसानं आलाव!”

तहसीलदार थांबले. काठी टेकली. शांतपणे म्हणाले, “हो ना. गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं.”

सबंध गल्ली हसली, आणि सगळ्यात जास्त शबाना. त्या दिवशी त्यांच्यासाठी गरम भजी तळली गेली. खेळही तिथंच बंद पडला. ती म्हणाली, “उस्ताद भेटल्यावर डाव मांडू न्हाय.”

*

फोटो काढायला बंदी आहे. तरी पुण्याच्या एका फोटोग्राफर बाईंनी मॅडमची आणि छबूअक्काची रीतसर परवानगी मिळवली. अक्का एकटीच फोटोला तयार झाली. “माझं काय लपायचं राह्यलंय आता?”

बाईंना अक्का दारात, उंबऱ्यावर, गुडघ्याला मिठी मारून बसलेली हवी होती. अक्का म्हणाली, “थांबा, आले.” ती आत गेली ती बराच वेळ येईचना. आली तेव्हा अंगावर जांभळी पैठणी, अंबाड्यावर गजरा, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मागून शबाना फ्रिज ढकलत आणत होती.

“ह्यो बी फोटोत घ्या. नवा हाय.”

बाई अगदी नम्रपणे म्हणाल्या, “अक्का, छान दिसताय. पण थोडं... उदास बसता येईल का?”

“उदास फोटो आधार कार्डावर हाय की! तिथनं घ्या.”

*

एकदा मात्र हसण्यावारी न्यायची वेळ नव्हती. पलीकडच्या आळीतल्या लोकांनी सह्या गोळा केल्या. गल्ली उठवा, आमच्या पोरीबाळींची लग्नं होईनात! पंधरा-वीस जण संस्थेत येऊन बसले. बायकांचे चेहरे उतरले होते. कारण एकदा असं सुरू झालं की कधी घर खाली करावं लागेल सांगता येत नाही.

छबूअक्का पदर खोचून आली. म्हणाली, “लांबलांबची माणसं आमची गल्ली बघून जात्यात. तुमी भिंतीला भिंत लावून राहताव, कधी आलाव? आधी बघा, मग उठवा. दत्ता, ह्यांना फिरवून आण.”

पुरुषांची चुळबुळ सुरू झाली. “आम्ही... कसं...” तेव्हा त्यांच्यातल्या भजनी मंडळाच्या काकू उठल्या. “चला हो. मी येते.” त्या उठल्यावर बाकीच्यांना बसून राहता येईना.

मी त्यांना फिरवलं. दवाखाना दाखवला, शिवणाची मशीन दाखवली. एका दारासमोर काकू थांबल्या. नाक वर केलं. “येसरचा मसाला कुणी भाजलाय हा?” आतल्या बाईनं वाटीत येसरची आमटी आणून दिली. काकूंनी उभ्यानंच भुरका मारला आणि म्हणाल्या, “धने जरा कमी पडलेत.” पण वाटी रिकामी केली.

मग दुसरी तक्रार निघाली. एक गृहस्थ म्हणाले, “ते सगळं ठीक आहे. पण तुमच्या गोंगाटाचा त्रास होतो.”

अक्का म्हणाली, “कवा होतो?”

“दुपारी!”

“दुपारी आमी झोपतो, दादा. दुपारचा गोंगाट तुमच्या भजनाचा. पेटी, टाळ, त्यात ह्या काकूंचा आवाज! चार वर्सं झाली, डोळ्याला डोळा न्हाय. आमी कधी सह्या गोळा केल्या का?”

काकूंनी तोंडाला पदर लावला. त्यांचे खांदे हलत होते.

अर्ज पुढं गेला नाही. भजन आता पाचला असतं. आणि काकू अधूनमधून भिंतीवरून धने पाठवतात.

*

आता शेवटचा.

छबूअक्काची एक लेक आहे, मनीषा. लहानपणापासून बाहेरगावी, हॉस्टेलात वाढलेली. पुढं नर्सिंगला गेली. तिला सगळं ठाऊक होतं, पण आई शेतात मजुरी करते एवढंच कॉलेजात माहीत होतं. सुट्टीत अक्काच तिकडं जाऊन भेटायची.

एका सकाळी आमच्या मॅडमनी सांगितलं, नर्सिंगच्या मुली येतायत. कॉलेज मनीषाचंच. बस निघालेली होती. मी पळत अक्काकडं गेलो. “अक्का, तुमच्या मनीषाचा वर्ग येतोय. दार लावून आत बसा. मी तुमचं घर वगळून नेतो.”

अक्कानं पदर खांद्यावर ओढून घेतला. मग म्हणाली, “पाव्हणं दारात येणार आन् मी दार लावू व्हय? शबाना, चहा ठेव.”

पांढऱ्या एप्रनातल्या मुली दोन दोनच्या रांगेत आल्या. त्यांच्या मॅडम पुढं. मनीषा शेवटी. मी तिला फोटोत बघितलेलं. तिनं आईकडं बघितलं नाही, आईनं तिच्याकडं बघितलं नाही. शबाना चहा वाटत होती, आणि पहिल्यांदाच तिच्या तोंडातून एक शब्द निघत नव्हता.

अक्कानं स्वतःचा कप उचलला. तेवढ्यात मागून आवाज आला.

“साखर घातलीय त्यात? आणि सकाळची गोळी घेतली का?”

सगळ्यांनी वळून बघितलं. मनीषाच बोलली होती. कॉलेजच्या मॅडमनी चष्मा वर केला. “यांना गोळी चालू आहे, हे तुला कसं कळलं?”

अक्कानं कप खाली ठेवला.

“पायावरची सूज बघून वळखलं आसंल तिनं. हुशार हाय पोरगी. मार्क वाढवा हिचे.”

मॅडम खूश झाल्या. “बघितलंत? याला म्हणतात ऑब्झर्वेशन!” सगळ्या मुलींनी माना डोलावल्या.

निघताना मुलींनी लांबूनच हात जोडले. रांग हलली. मनीषा तेवढी मागं राहिली, खाली वाकली आणि तिनं दोन्ही हात अक्काच्या पावलांवर ठेवले. काही केल्या उठेना.

मॅडम दारातून वळल्या. “मनीषा, हे काय चाललंय?”

तिनं मान वर केली नाही.

“सूज बघतेय, मॅडम.”